मुकुंदवाडी विरुद्ध उस्मानपुरा

ज्या दोन हॉकी संघांकडं मिळून गोलकीपरच्या पॅडचा एकच जोड होता, त्याच दोन संघांना मी एका महिन्यात चार वेळा एकमेकांसमोर उभं केलं. हा मूर्खपणा माझा एकट्याचा. त्यात कमिटीचा हात नव्हता, छापखान्याची चूक नव्हती. वेळापत्रकाखाली सही माझी होती, आणि तेव्हा मला त्या सहीचं फार कौतुक होतं.

शहराचं नाव औरंगाबाद होतं तेव्हाची गोष्ट. चितेगावकडं एकेक कारखाना उभा राहत होता. आमची हॉकी लीग आठ संघांची होती, पाच मोहल्ल्यांचे आणि तीन कारखान्यांचे. कारखान्याच्या संघातली पोरं हजेरीपटावर फिटर नाहीतर हेल्पर असायची आणि दुपारी तीननंतर खेळाडू. मोहल्ल्यातल्या प्रत्येक चांगल्या खेळाडूचा डोळा त्या हजेरीपटावर. कारखान्यांनी मिळून मला पगारावर ठेवलं होतं. मैदानाच्या कडेला पत्र्याची खोली, एक टेबल, एक माठ. हुद्दा सेक्रेटरी. काम एकच, वेळापत्रक लावणं.

लोकांना वाटतं त्यात काय, तारखा तर टाकायच्या. पद्धत तशी सोपीच आहे. सोडा-बाटल्यांची आठ बुचं घ्यायची, त्यांवर संघांची नावं चिकटवायची आणि दोन ओळींत समोरासमोर मांडायची. पहिलं बूच जागचं हलवायचं नाही. उरलेली सात गोल फिरवत एकेक घर पुढं सरकवायची. सात वेळा सरकवलं की प्रत्येक जण प्रत्येकासमोर एकदा येऊन जातो. गणित एवढंच. पण बुचांना रमजान नसतो, दहावीची परीक्षा नसते, घरात लग्न नसतं. मैदान कधी सर्कशीला दिलेलं असतं, कधी सभेला. एका संघाला शुक्रवारी दुपारी उशिरा यायचं असतं, दुसऱ्याला सूर्याकडं तोंड करून खेळायचं नसतं. एक कप्तान तर दर वर्षी सांगायचे, "साहेब, पहिली मॅच सोप्या टीमबरोबर टाका, पोरांचा जीव रमतो." सोपी टीम कोणती हे विचारलं की ज्यांचं नाव घ्यायचे, त्या टीमचे कप्तान आदल्या दिवशी यांचं नाव घेऊन गेलेले असायचे.

नवा होतो तेव्हा एकदा मी एका संघाची मॅच त्याच संघाशी लावली होती. एका बुचाचं लेबल दोनदा चिकटलं होतं. संघ वेळेवर आला, अर्धा तास समोरच्या संघाची वाट पाहिली आणि वॉकओव्हरचा अर्ज देऊन गेला. तो अर्ज मी मंजूरही केला. ही गोष्ट मी चाळीस वर्षं लोकांना सांगून हसवत आलोय. दुसरी सांगायची वेळ येऊ नये म्हणून ही सांगायचो, हे आज लिहिताना कळतंय.

तर ती दुसरी.

उस्मानपुऱ्याचे कप्तान रऊफभाई. सुतारकाम करायचे आणि मोडलेल्या हॉकी स्टिक जोडायचे. त्यांनी सरस लावून दोरा गुंडाळलेली स्टिक नव्या स्टिकपेक्षा जास्त टिकते असं पोरं म्हणायची. मुकुंदवाडीचा कप्तान लक्ष्मण गायके. घरची शेती, शहरात वर्कशॉपमध्ये नोकरी. दोघं शाळेपासून एका संघात खेळलेले. पुढं आपापल्या मोहल्ल्याचा संघ काढला, पण मुकुंदवाडीच्या सगळ्या स्टिक उस्मानपुऱ्यातच दुरुस्त व्हायच्या. ईदला लक्ष्मणचा अख्खा संघ रऊफभाईंच्या घरी शिरखुर्मा प्यायला जायचा, आणि हुरड्याच्या दिवसांत रऊफभाईंचा संघ गायक्यांच्या शेतावर.

पॅडचा जोड दोघांनी मिळून घेतला होता. कॅनव्हासचे, आत वेताच्या काड्या आणि कापूस भरलेले, गुडघ्याच्या वरपर्यंत येणारे जाड पॅड. एक आठवडा ते मुकुंदवाडीत, एक आठवडा उस्मानपुऱ्यात. सायकलच्या कॅरिअरला बांधून ते इकडून तिकडं जायचे आणि नेणारा जेवूनच परतायचा. त्यामुळं या दोन संघांची मॅच एका दिवशी लावायची नाही, हा माझ्या बुचांचा पहिला नियम होता. आणि दोघांची एकमेकांशीच मॅच असेल तेव्हा दुसरा जोड चितेगावच्या कारखान्याच्या संघाकडून मागवायचा. म्हणजे त्या दिवशी चितेगावचा संघ शहरात हवा. हा दुसरा नियम.

जुन्या पद्धतीत हे वर्षातून दोनदाच व्हायचं. पहिली मॅच दिवाळीनंतर, दुसरी दोन-अडीच महिन्यांनी. मधल्या काळात कुणाची नडगी सुजलेली असली तर उतरायची, कुणाला शिवी लागलेली असली तर तो ती विसरायचा. लोक म्हणतात, दोन संघांमधलं वैर शेजारामुळं होतं, जातीमुळं होतं, धर्मामुळं होतं. असेल. मी मात्र वैर तारखांमधून उगवताना पाहिलंय. ज्यांची वर्षातून दोनदा गाठ पडते ते एकमेकांचा खेळ बघतात. दर आठवड्याला पडली की चेहरा बघायला लागतात.

हे शहाणपण मला नंतर आलं. त्या वर्षी कारखान्यांचे साहेब म्हणाले, मॅचला माणूस येत नाही, काहीतरी करा. मी केलं. आठ संघांचे दोन गट पाडले आणि गटातल्या प्रत्येकानं प्रत्येकाशी चार वेळा खेळायचं ठरवलं. ओळखीच्यांची पुन्हापुन्हा गाठ पडली की चुरस वाढेल, चुरस वाढली की गर्दी वाढेल. मुकुंदवाडी आणि उस्मानपुरा एका गटात टाकले, कारण त्यांची दोस्ती सगळ्या शहराला माहीत होती. दोस्तांची लढत बघायला लोक येतीलच. मीटिंगमध्ये माझ्या अकलेचं कौतुक झालं. चहाबरोबर बिस्किटं आली.

मग तारखा टाकायला बसलो. रमजान आला, परीक्षा आल्या, सर्कस आली. बाकीच्या मॅच कशाबशा बसवल्या. मुकुंदवाडी-उस्मानपुऱ्याच्या चार मॅचना चितेगावचा संघही शहरात मोकळा लागायचा, म्हणून त्या दर वेळी पुढं ढकलत गेलो. शेवटी हंगामाचा एक महिना उरला आणि या चारही मॅच उरल्या. चारही त्याच महिन्यात कोंबल्या.

पहिली मॅच उस्मानपुऱ्यानं एका गोलनं जिंकली. गोल झाला की नाही यावर थोडा वाद झाला, पण संध्याकाळी दोघे कप्तान एकाच टपरीवर चहा पिताना मी पाहिले. आठ दिवसांनी दुसरी. तो वाद कुणी विसरलेलं नव्हतं, विसरायला वेळच कुठं दिला होता मी. उस्मानपुऱ्याच्या एका पोराची भुवई फुटली, मुकुंदवाडीच्या एकाचं बोट. मुकुंदवाडी जिंकली. त्या दिवशी चहा झाला नाही. आठवडाभरात गावात बोलणं सुरू झालं आणि ज्यांनी कधी हॉकीची स्टिक हातात धरली नव्हती त्यांनी त्याला भलतंच नाव दिलं. इकडचे विरुद्ध तिकडचे. आणि तिसऱ्या मॅचला, मला हवी होती ती गर्दी आली.

त्या दिवशी सकाळी अकराला रऊफभाई सायकलवरून माझ्या खोलीत आले. बसले नाहीत.

"साब, चितेगाववाले नहीं आरे. उनकी टीम परभणी कू गई. पॅड का एक्कीच जोड है. इस हफ्ते बारी मेरी."

चितेगावचा संघ परभणीला जाणार असल्याचं पत्र माझ्याच टेबलावर आलं होतं. मी त्यावर चहाचा कप ठेवत होतो. त्यावर चांगले चार-पाच गोल उमटले होते.

"मग?" मी म्हणालो.

"मग क्या साब, मॅच आगे ढकलो. मेरा गोली नवा है, सतरा साल का, उसकू मैं बगैर पॅड के खड़ा नहीं करता. और भगवान कू भी खड़ा नक्को करो. वो बी अपनाइच बच्चा है."

भगवान म्हणजे लक्ष्मणचा धाकटा भाऊ, मुकुंदवाडीचा गोलकीपर. बावीस वर्षांचा. लीगमधला सगळ्यात चांगला. चितेगावच्या मॅनेजरनं त्याला पुढच्या महिन्यात हजेरीपटावर घेतो म्हणून सांगितलं होतं. गायक्यांच्या घरात त्या नोकरीचे पेढे वाटायचे तेवढे राहिले होते.

"तारखा नाहीत हो, रऊफभाई."

"नहीं है तो बनाओ ना साब. तुम्हारेच हाथ की चीज है."

मी खिडकीबाहेर पाहिलं. मॅच चारची आणि अकरालाच लोक कंपाउंडवर जागा धरून बसले होते. शेंगदाणेवाले आले होते. इतक्या वर्षांत माझ्या वेळापत्रकाला कुणी एवढं लवकर आलं नव्हतं. मी त्या गर्दीवर भाळलो, दुसरं काही नाही.

"करतो काहीतरी," मी म्हणालो. रऊफभाईंना वाटलं मॅच ढकलतोय. मी जवळच्या शाळेतून क्रिकेटचे पॅड मागवले.

तीनला लक्ष्मण आला. मी ते पॅड त्याच्यापुढं ठेवले आणि म्हणालो, "चितेगावचे पॅड आले नाहीत. रऊफभाई त्यांचे देऊ शकत नाहीत. भगवानला आज हे घालू दे."

यातला एक शब्द खोटा नव्हता. फक्त रऊफभाईंनी मॅच ढकला म्हणून सांगितलं होतं, तेवढं मी गाळलं.

लक्ष्मणनं पॅड उचलून पाहिले. क्रिकेटचे ते, शाळेतल्या लहान पोरांच्या मापाचे, पातळ, हॉकीच्या पॅडपुढं पुठ्ठ्यासारखे. "देत नाय व्हय त्यो?" एवढंच म्हणाला. "ऱ्हाऊ द्या मग. खेळतो आम्ही."

मैदानावर संघ उतरलेले दिसल्यावर रऊफभाईंनी माझ्या खोलीकडं पाहिलं. मी काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं. ते संघ मागं घेऊ शकले असते, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. पण समोर मुकुंदवाडी उतरलेली, भोवती ते लोक, आणि दोन आठवड्यांत गावानं त्या मॅचला दिलेलं ते नाव. त्यातून माघार घेऊन घरी जायला फार मोठा माणूस लागतो. रऊफभाई चांगले होते, पण सुतार होते, संत नव्हते.

दुसऱ्या हाफमध्ये उस्मानपुऱ्याला पेनल्टी कॉर्नर मिळाला. त्यात गोलशेजारच्या रेषेवरून चेंडू बाहेर ढकलतात आणि समोर उभा असलेला एक जण तो थांबवून सरळ गोलवर हाणतो. उस्मानपुऱ्यात हे काम कायम रऊफभाईंचं. त्यांनी हाणला. सवयीनं हाणला, असं मला वाटतं. भगवान नेहमीसारखा पाय आडवा टाकून झोपला. चेंडू गुडघ्यावर, क्रिकेटचं पॅड जिथं संपतं त्याच्या वर दोन बोटं.

आवाज माझ्या खोलीपर्यंत आला. तो मी लिहिणार नाही.

रऊफभाई स्टिक टाकून सगळ्यांत आधी पळाले. भगवानचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं. लक्ष्मण आला आणि त्यानं त्यांचा हात धरून बाजूला केला. ढकललं नाही, मारलं नाही. पाहुण्याचा हात ताटावरून बाजूला करावा तसा केला. त्याच मॅचमध्ये त्याआधी धक्काबुक्की बरीच झाली होती. पण ती मैत्री कोणत्या क्षणी संपली असं कुणी विचारलं तर मी तो हात सांगीन.

गुडघ्याची वाटी फुटली होती. पाय वाचला, पण पुरता दुमडेना. चितेगावचे मॅनेजर सज्जन होते, घरी जाऊन बसून आले आणि फळं ठेवून आले. नोकरीचा विषय त्यांनी काढला नाही आणि गायक्यांनीही काढला नाही. भगवाननं पुढं मुकुंदवाडीत पिठाची गिरणी टाकली.

चौथ्या मॅचला मुकुंदवाडी आलीच नाही. उस्मानपुरा गटात पहिला आला. गटाची ढाल घ्यायला रऊफभाई आले नाहीत, ती माझ्या खोलीत कपाटावर पडून राहिली.

महिनाभरानं ते एकदा आले. म्हणाले, "साब, लक्ष्मण कू एक बार बोलो ना तुम." काय बोलायचं ते त्यांनी सांगितलं नाही, मला विचारायची गरज नव्हती. "बोलतो, योग्य वेळ बघून," मी म्हणालो. माझं पोट वेळा लावण्यावर चालायचं, पण ही योग्य वेळ काही मला सापडली नाही.

उलट पुढच्या हंगामात मी एक चतुराई केली. कारखान्यांनी हळहळून प्रत्येक संघाला पॅडचा एकेक नवा जोड दिला होता, त्यामुळं आता सायकलवरून पॅड न्यायला कुणाला कुणाच्या दारात जावं लागत नव्हतं. मी दोन्ही संघ वेगवेगळ्या गटांत टाकले आणि फायनल सोडली तर दुसऱ्या गटाशी मॅचच ठेवल्या नाहीत. मीटिंगमध्ये म्हणालो, राग निवू द्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. राग निवावा असं मला वाटत होतंच, खोटं नाही. पण जे दोघं भेटत नाहीत ते एकमेकांना काही सांगतही नाहीत, हेही मला वाटत होतं. चितेगावचं पत्र, त्यावरचे कपाचे गोल आणि अकरा वाजताचं ते बोलणं, सगळं मी दोन गटांच्या मधल्या मोकळ्या जागेत ठेवून दिलं.

आणि तिथं चूक अशी झाली की वैरालाही मैदान लागतं. खेळत राहिले असते तर एखादी मॅच चांगली झाली असती, एखाद्याच्या गोलला दुसऱ्यानं न राहवून टाळी दिली असती. एखाद्याची स्टिक मोडली असती. मी त्यांना भांडायलाही जागा ठेवली नाही. मुकुंदवाडीची पोरं स्टिक जोडायला दुसरीकडं जायला लागली. ईद आली, गेली. हुरड्याचे दिवस आले, गेले. दर वर्षी मी मनातल्या मनात देव पाण्यात घालून बसायचो, की हे दोघं फायनलला समोरासमोर येऊ नयेत. आले नाहीत. मग मोठ्या शहरांत हॉकी हिरव्या कृत्रिम गवतावर गेली, आमच्या मुरमाच्या मैदानावर कारखान्यांचा जीव रमेना, आणि लीग बंद पडली. माझी बुचं मी घरी आणली. नातवानं त्यांच्या झांजा केल्या.

रऊफभाई मागच्या थंडीत गेले. मी मातीला गेलो होतो. परतताना रस्त्यापलीकडं लक्ष्मण दिसला. सत्तरी ओलांडलेला, डोक्याला रुमाल बांधून एका झाडाखाली उभा. कब्रस्तानच्या फाटकापर्यंत तो आला होता, आत आला नव्हता. मला पाहून त्यानं नमस्कार केला आणि चालू लागला.

त्या नमस्कारानं माझी झोप गेली. आठवड्यानं मी मुकुंदवाडीला गेलो. घर नवं झालंय, पण पुढं ओसरी ठेवलीय. लक्ष्मणनं खुर्ची दिली. भगवान आतल्या दाराशी स्टुलावर बसला होता, उजवा पाय सरळ पुढं टाकून. चहा आला. मी कपाला हात न लावता सगळं सांगितलं. अकरा वाजता कोण आलं होतं, काय म्हणालं होतं, मी काय सांगितलं आणि काय गाळलं.

लक्ष्मण जमिनीकडं बघत ऐकत होता. झाल्यावर म्हणाला, "त्यानं सांगितलं होतं मला."

"कधी?"

"तवाच. तिसऱ्या दिवशी. दवाखान्याच्या दारात. म्हणला, मी साहेबाला म्हणलो होतो मॅच ढकला, साहेबानं ऐकलं नाय."

"मग?"

"मग काय. मी त्याच्या तोंडावर म्हणलं, खोटं बोलायलास तू. धारूरकर साहेब तसला माणूस नाय."

"अरे, मग मला येऊन विचारायचं तरी."

"कसं विचारणार? तुमच्यावर शक घेतल्यासारखं झालं असतं." त्यानं रुमालानं तोंड पुसलं. "त्यो लई शांतपणे म्हणला, ठीक आहे, तू साहेबाचं खरं धर. नंतर त्यानं एकदा पण विषय काढला नाय. मी पण नाय. चाळीस वर्षं झाली आसतील."

आत कुणीतरी भांडी घासत होतं, ते थांबलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं आणि जे बोलू नये तेच बोललो. म्हणालो, "आज सांगून टाकलं, लक्ष्मण. जरा बरं वाटलं बघ."

दाराजवळून भगवानचा आवाज आला.

"साहेब, तुमचं पोट मोकळं झालं. पण बसलात कुठं, आमच्या ओसरीवर."